ओपन फ्रेम सप्लाय: मिरचीच्या धुळीतले आठ महिने

रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. मसाल्याच्या पाऊच पॅकिंग मशीनचे कंट्रोल बॉक्स बनवतो. मार्चमध्ये पाच बॉक्समधून नेहमीचा जाळीच्या डब्यातला पॉवर सप्लाय (मेनच्या विजेचं कमी व्होल्टचं डीसी करणारा भाग) काढून २४ व्होल्टचा ओपन फ्रेम, म्हणजे डबा नसलेला, नुसत्या सर्किटच्या पाटीचा सप्लाय बसवला. कारण एकच, जागा. २०० वॅटचा डबा जवळजवळ वीतभर लांब, तर ही उघडी पाटी ४ इंच बाय २ इंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण घोटाळा बराचसा माझाच होता.

पाचातले तीन बॉक्स तुर्भ्याला, एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये गेले. महिनाभर सगळं सुरळीत. एप्रिल संपता संपता फोन आला, "दादा, मशीन दुपारी झोपतं. चहा पिऊन येईपर्यंत आपोआप उठतं."

लोड मोजला: साडेचार अँपिअर, म्हणजे १०८ वॅट. २०० वॅटच्या सप्लायला एवढं जड का जावं? तेव्हा कुठे डेटाशीट (कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक) खालपर्यंत वाचली. पहिल्या पानावर ठळक छापलेले २०० वॅट हे पंख्याने १० सीएफएम (मिनिटाला १० घनफूट) वारा घातला तरच. पंखा नसेल तर १४०. त्यातही ५० अंशांनंतर दर अंशाला अडीच टक्के कपात, ७० अंशांवर निम्मंच. आणि हे तापमान सप्लायभोवतीच्या हवेचं, गाळ्यातल्या हवेचं नाही. पत्र्याच्या छताखाली, दुपारी अडीच वाजता बॉक्सच्या आत ६२ अंश निघाले. हिशेब करा: १४० मधून तीस टक्के गेले, उरले ९८. आम्ही मागत होतो १०८. बिचारा तापून बंद पडायचा, निवला की परत सुरू.

मग मी शहाणपणा केला आणि एका बॉक्सला पंखा लावला. तापमान झटकन उतरलं, पण तीन आठवड्यांत फिल्टर लालभडक. हवा अडते म्हणून तिथल्या पोराने फिल्टरच काढून ठेवला; त्याचंही चुकलं नाही. जुलैत मीठ घातलेल्या मसाल्याची ती पूड ओल धरून पाटीच्या हाय व्होल्टेज बाजूवर बसली. आधी चरचर, मग जळका वास, मग फ्यूज. तो सप्लाय कायमचा गेला. पंख्यासह २०० वॅट हा आकडा स्वच्छ हवेसाठी असतो, पूड उडणाऱ्या गाळ्यासाठी नाही.

खरी उष्णता सप्लायची नव्हतीच. हीटर चालू-बंद करणारे एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) त्याच कंट्रोल बॉक्समध्ये शेकत होते. १० अँपिअरला एकेक १०-१२ वॅट उष्णता सोडतो. ते बाहेर मागच्या ॲल्युमिनियम प्लेटवर नेले, पंखा काढला, बॉक्स गास्केट (रबरी पट्टी) लावून बंद केला. आतलं तापमान ५१ वर आलं. तेव्हापासून तुर्भ्याहून तक्रार नाही. सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य दर १० अंशांच्या घटीला साधारण दुप्पट होतं, तो फायदा वेगळाच.

अर्थिंगची एक गंमत सांगतो. एका मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. मीटरवर बॉडी आणि अर्थमध्ये शंभरच्या वर व्होल्ट. ओपन फ्रेमच्या ज्या स्क्रूच्या भोकातून अर्थ मिळायला हवी, तिथला धातूचा स्पेसर (पाटी उचलून धरणारा खुंट) बॉक्सच्या पावडर कोटिंगवर, म्हणजे रंगावर बसला होता. अर्थ तुटली की आतल्या वाय कॅपॅसिटरमुळे (मेन आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेला कॅपॅसिटर) बॉडीवर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगतं. करंट किरकोळ, पण गिऱ्हाइकाला ते कसं पटवणार? रंग खरवडून स्टार वॉशर (दातेरी वॉशर) घातला, विषय संपला. डब्याच्या सप्लायला अर्थचा टर्मिनल समोर दिसतो, म्हणून ही चूक सहसा होत नाही.

आणखी एक: बंद केल्या केल्या हात घालू नका. मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या वर डीसी असतो आणि इथे झाकण नाही. आमच्या हेल्परने एकदा प्रसाद घेतला. आता पाटीवर पारदर्शक शीट लावतो. पाटीखाली मात्र अर्थचं भोक सोडून बाकी ठिकाणी नायलॉनचा स्पेसर आणि मायलर (वीज न जाऊ देणारी प्लास्टिकची शीट), नाहीतर सोल्डरचे टोक आणि पत्रा यांच्यात अंतरच उरत नाही.

उरलेले दोन बॉक्स ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका स्वच्छ हॉलमध्ये आहेत. पंख्यासकट मस्त चालतात, अजून एकदाही उघडले नाहीत. परवा हळदीच्या गिरणीची ऑर्डर आली. तिथे मी ही पाटी बसवणार नाही. पूर्ण पॉटिंग केलेला, म्हणजे आतून रेझिन ओतून सीलबंद केलेला सप्लाय सांगितलाय. बॉक्स दोन इंचांनी मोठा होईल, तसं कोटेशनमध्ये आधीच लिहिलंय.