पावणेसेहेचाळीस इंची ड्रायव्हर: आहे तसा वापरावा की कापून घ्यावा?

“दांडी लांब असली की बॉल लांबच जातंय की!” बेळगावात गोल्फच्या नव्या ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचा (काठीचा), विषय निघाला की हे वाक्य कुणी ना कुणी टाकतंच. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं झाडाखाली बॉल शोधताना कळतं.

हेड (खालचं डोकं), फेस (त्याची बॉलला लागणारी बाजू), कार्बनचा क्राउन (हेडचा वरचा भाग) यांवर रकानेच्या रकाने लिहिले जातात. इथे तपासली आहे ती फक्त एक गोष्ट: तयार ड्रायव्हर ज्या लांबीत विकला जातो ती लांबी. टेलरमेडचा क्यूआय१० पावणेसेहेचाळीस इंचांचा येतो, पिंगचा जी४३० मॅक्सही तेवढाच. टायटलिस्टचा टीएसआर२ पाव इंचाने आखूड, म्हणजे साडेपंचेचाळीस. स्टीलच्या दांड्यांच्या काळात ड्रायव्हर ४३ ते ४३.५ इंचांवर थांबायचा. ग्रॅफाइट आलं, दांडीचं वजन निम्म्यावर आलं, आणि वाचलेलं वजन कंपन्यांनी लांबीत खर्च केलं. दुकानातल्या मशिनवर एखादा फटका जरा लांब दिसला की माल खपतो, हा त्यातला व्यवहार.

गंमत अशी, की रोज हेच काम करणारे व्यावसायिक खेळाडू बरेचदा ४५ इंच किंवा त्याहून कमी लांबी वापरतात. रिकी फाउलर २०१७ मध्ये ४३.५ इंचांवर उतरला, जिमी वॉकर तर त्याच वर्षी ४२ वर. उलट टोकाला फिल मिकेल्सन: २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप त्याने जवळपास ४८ इंची ड्रायव्हर घेऊन जिंकली. पण मिकेल्सनचे हात सगळ्यांना मिळालेले नाहीत. नियमांत पटर (बॉल भोकाकडे ढकलायचा क्लब) सोडून इतर क्लबला ४८ इंचांची मर्यादा आहे. १ जानेवारी २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांसाठी ४६ इंचांचा स्थानिक नियम लावायची मुभा आयोजकांना मिळाली. दुकानातला ड्रायव्हर दोन्हींत बसतो, त्यामुळे नियमाची काळजी नको.

आता हिशेब. हेडचा वेग ताशी ९५ मैल धरू, नियमित खेळणाऱ्या हौशी माणसाचा साधारण तेवढा असतो. दांडी एक इंच वाढली तर कागदावर वेग मैल-दीड मैल वाढतो, आणि एका मैलामागे अडीच यार्ड मिळतात. म्हणजे सगळं जुळून आलं तर इंचाला तीन-चार यार्ड. तेही कागदावर, कारण लांब क्लब फिरवायला जड जातो आणि त्यातला काही वेग हातच खाऊन टाकतात. याच्यासमोर फेसवर बॉल कुठे लागतो ते ठेवा. मध्यावर लागला तर बॉलचा वेग हेडच्या वेगाच्या १.४८ पट, म्हणजे सुमारे १४० मैल. थोडा टोकडे (हेडच्या पुढच्या टोकाकडे) किंवा हीलकडे (दांडीजवळच्या टोकाकडे) लागून हा गुणक १.४० वर आला तर १३३. बॉलच्या वेगातला एक मैल सुमारे दोन यार्डांचा, म्हणजे इथे चौदा-पंधरा यार्ड गेले. तीन यार्डांसाठी पंधरा यार्ड पणाला लावायचे की नाही, हा या सगळ्या खरेदीतला खरा प्रश्न.

दिशेचं गणित तर आणखी कडक. बॉल सुटताना तीन अंश उजवीकडे सुटला, तर २२० यार्डांवर तो साडेअकरा यार्ड बाजूला पोचतो, आणि यात हवेतला वळसा धरलेलाच नाही. उजव्या हाताच्या खेळाडूला लांब दांडी नेमकं इथे गाठते. क्लब लांब झाला की फेस वेळेवर सरळ येत नाही, जरा उघडाच राहतो. माणूस बॉलपासून लांब उभा राहतो, त्यामुळे फटका हील आणि टोच्या मधे भटकतो. हीलला लागलेला बॉल फेसच्या गिअर इफेक्टमुळे (मध्यापासून बाजूला लागल्यावर हेड वळून बॉलला उलटी फिरकी देतं) उजवीकडचा स्पिन घेतो. उघडा फेस आणि हीलचा फटका एकत्र आले की जो केळ्यासारखा उजवीकडे वळणारा स्लाइस निघतो, त्याला खेळाडू “आज स्विंग बिघडला” म्हणतो. स्विंग कालचाच असतो. टोच्या बाजूचा फटका निदान डावीकडे वळून थोडा परत येतो, हीलचा येत नाही.

बेळगावच्या हवेची यात भर आहे. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास अडीच हजार फूट. दर हजार फुटांना अंदाजे एक टक्का अंतर वाढतं, म्हणून इथला २२५ यार्डांचा फटका गोव्याला समुद्रकाठी २१९-२२० भरतो. घाट उतरून खेळायला गेलेला माणूस हे पाच-सहा यार्ड दांडीच्या नावावर टाकतो आणि आणखी लांब शाफ्ट (दांडी) मागवायच्या गोष्टी करतो. तो दोष हवेचा. तसंच एप्रिल-मेमध्ये तांबडी जमीन वाळून दगडासारखी झाली की बॉल पडल्यावरही पळतो. वाकडा बॉलही तितकाच पळतो आणि थेट झाडीत जातो. उन्हाळ्यात जो स्कोअर बिघडतो तो कमी अंतरामुळे क्वचितच. जुलैत उलटं: पडला तिथे रुतला, म्हणून हवेतलं अंतर मोलाचं, आणि लांब दांडीचे दोन-तीन यार्ड खरोखर कामाला येतात. पण तेव्हाच ग्रिप ओली असते, मूठ आवळली जाते आणि फेस आणखी उघडा राहतो. पावसाळ्यात लांबीचा फायदा घ्यायचा तर आधी सुती धाग्याची कॉर्ड ग्रिप बसवा, नाहीतर तो फायदा ओल्या मुठीतून निसटतो.

तुमच्यासाठी पावणेसेहेचाळीस बरोबर आहेत का, हे एका पैशाचा खर्च न करता बघता येतं. ग्रिपचं वरचं टोक सोडून एक इंच खाली धरा आणि दहा-दहा बॉलचे दोन संच मारा, एक पूर्ण धरून, एक खाली धरून. फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, प्रत्येक फटक्याचा डाग मोबाइलवर टिपा, पुसा, पुन्हा लावा. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका दिला तरी फेसवर उमटतो. अंतर मात्र या फटक्यांत मोजू नका: पावडरमुळे घर्षण कमी होऊन बॉलची फिरकी बदलते, आणि सरावाचे जुने बॉल तसेही खोटं बोलतात. बघायचं एवढंच, की डाग किती पसरले. खाली धरल्यावर डागांचा पसारा एका रुपयाच्या नाण्याच्या आसपास आला आणि पूर्ण धरल्यावर तो अंडाकृती होऊन हीलकडे सरकत असेल, तर निकाल लागला. दोन्हींत फरक नसेल तर दांडीला हात लावू नका. ही चाचणी अगदी चोख नाही, कारण खाली धरल्यावर हेड हलकं वाटतं आणि वरचा इंचभर भाग मुठीमागे लोंबतो. पण दिशा बरोबर दाखवते.

कापायचं ठरलं तर आधी मोजमाप नीट. अनेक जण नुसती दांडी मोजतात, ते चूक. क्लब खेळायच्या स्थितीत जमिनीवर टेकवायचा आणि हीलखालच्या जमिनीपासून दांडीच्या मागच्या बाजूने ग्रिपच्या टोपीच्या कडेपर्यंत मोजायचं. ग्रिपची टोपी सुमारे अष्टमांश इंच खाते, ती धरायची. एकदम साडेचव्वेचाळीसवर उडी मारू नका. आधी ४५, दोन-चार राउंड खेळा, मग वाटलं तर आणखी अर्धा इंच. कापलेलं परत वाढवायला टोकाला तुकडा सांधावा लागतो, आणि सांध्याची दांडी मनातून कधी सरळ होत नाही.

आपल्याकडे उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथपासून सीएनसीपर्यंत सगळं आहे, हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारे हात आहेत, म्हणून दांडी कापणं सोपं वाटतं. स्टीलच्या सवयीचा हात ग्रॅफाइटला मात्र भारी पडतो. पाइप कटर लावला की तो कापत नाही, दाबतो. आतले धागे चिरडतात, वरून काही दिसत नाही आणि काही महिन्यांनी ग्रिपच्या आतून कटकट असा आवाज यायला लागतो. व्हाइसच्या उघड्या जबड्यात आवळणं हा दुसरा गुन्हा. रबराचा तुकडा किंवा लाकडी ठोकळ्यात गोल भोक करून त्यात धरावी. ग्रिप सरळ पात्याने कापायला गेलात तर पातं दांडीवर ओरखडा काढतं, आकड्याचं वळलेलं पातं बाहेरच्या दिशेने ओढावं. कापायच्या जागी मास्किंग टेपचे तीन-चार वेढे द्यायचे, इंचाला ३२ दात असलेलं हॅक्सॉ ब्लेड घ्यायचं आणि दांडी हळूहळू फिरवत चारी बाजूंनी कापायचं. एका बाजूने आरपार गेलात तर शेवटचे धागे सोलून निघतात. कापल्यावर कड बारीक एमरी पेपरने गुळगुळीत करायची. तोंडाला मास्क बांधा, ही काळी धूळ छातीत जाऊ देऊ नये. आणि कापायचं नेहमी ग्रिपच्या बाजूने. हेडकडचं टोक कापलं तर शाफ्टचा ताठपणाच बदलतो, शिवाय तिथे अडॅप्टर (शाफ्ट हेडला जोडणारा भाग) चिकटवलेला असतो.

ग्रिप बसवताना एक बारकावा. दांडी हेडकडे निमुळती असते, म्हणून इंचभर कापल्यावर मूठ किंचित बारीक लागू शकते. दुहेरी चिकट टेपखाली साध्या मास्किंग टेपचा एक जादा थर दिला की जाडी परत येते. पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन टेपवर आणि ग्रिपच्या आत ओतायचं, ग्रिप एका दमात सरकवायची, रेषा सरळ करायची. उन्हाळ्यात एका रात्रीत वाळते, पावसाळ्यात पूर्ण दिवस द्या.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि इथेच चुकतं. अर्धा इंच कापला की स्विंग वेट (क्लब फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप; सी० ते सी९, मग डी० अशी चढती पट्टी) तीन अंकांनी उतरतं. डी३ वरचा ड्रायव्हर सव्वा इंच कापल्यावर सी५-सी६ पर्यंत येतो. हेड कुठे आहे ते हाताला कळेनासं होतं, माणूस घाई करतो, आणि कापून काही मिळालं नाही असं म्हणतो. एक अंक परत मिळवायला हेडवर सुमारे २ ग्रॅम लागतात, म्हणजे सव्वा इंचाला १५ ग्रॅम. सगळे घालायची गरज नसते; ४५ वर आलात तर ४ ते ६, साडेचव्वेचाळीसवर ८ ते १० ग्रॅमपासून सुरुवात करावी. हेडच्या तळाला वजनाचा स्क्रू असेल तर त्याच कंपनीचा जड स्क्रू हे सगळ्यात सुबक काम. नसेल तर अर्धा इंच रुंदीची लेड टेप: चार इंचांची पट्टी सुमारे २ ग्रॅमची. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, सराफाकडे जायला नको. टेप तळाच्या मध्यावर मागे लावली तर नुसतं वजन वाढतं. हीलच्या बाजूला लावली तर फेस बंद व्हायला थोडी मदत होते, स्लाइसवाल्यांनी तिथून सुरुवात करावी. फक्त किती घालायचं ते ठरवायला टायरवाल्याकडचे ५ ग्रॅमचे चिकट बॅलन्सिंग तुकडे सरावात चालतात. स्पर्धेत ते काढून लेड टेप लावा, आणि राउंड चालू असताना वजनाला हात लावू नका, नियम तोडल्यासारखं होतं. जास्तही घालू नये. नाकापेक्षा मोती जड झाला की लांब दांडीचाच त्रास दुसऱ्या वाटेने परत येतो.

वजन घातल्यावर शाफ्टचा ताठपणाही बराचसा मूळ जागी येतो. नुसता आखूड केलेला शाफ्ट किंचित ताठ वाटतो आणि बॉल खाली राहतो. ज्यांचा शाफ्ट आधीच ताठ वाटत होता, त्यांनी न कापता मऊ फ्लेक्सचा (जास्त लवचिक) वेगळा शाफ्टच आखूड करून घ्यावा. तो घेताना अडॅप्टर आपल्याच कंपनीचा आहे ना ते बघा. टेलरमेडचा कॅलवेला बसत नाही. वेगवेगळ्या लांबीचे शाफ्ट मारून बघायचे असतील तर त्यासाठी बेळगावकरांना पुणे किंवा बेंगळुरू गाठणं बरं.

पावणेसेहेचाळीस आहे तसा ठेवावा तो कुणी? ज्याचे डाग चाचणीत मध्यावर जमले, ज्याचा स्विंग संथ आणि एकसारखा आहे, आणि ज्याला फेअरवे (कापलेल्या गवताची मधली वाट) सापडण्याची अडचण नाही, त्याने. उंचीचा यात फार संबंध नाही. उंच माणसाचे हातही लांब असतात, आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर वाटतं त्याहून कमी बदलतं. बायकांचे ड्रायव्हर मुळातच इंचभर आखूड येतात, ते कापायच्या फंदात पडू नये. कॅम्पातले निवृत्त फौजी गडी, ज्यांचा वेग आता ऐंशीच्या घरात आहे, त्यांना लांबीपेक्षा ५० ग्रॅमच्या आसपासचा हलका शाफ्ट आणि एक-दीड अंश जास्त लॉफ्ट (फेसचा वरच्या दिशेचा कल) जास्त यार्ड देतात. बाकीच्या बहुतेकांनी, म्हणजे शनिवार-रविवारी खेळून उजवीकडच्या रफमध्ये (उंच गवतात) फिरणाऱ्यांनी, ४५ इंच आणि ५ ग्रॅम इथून सुरुवात करावी. कापलेला तुकडा फेकू नका. पुढे ड्रायव्हर विकायला काढलात तर घेणारा किती कापलंय ते विचारतोच, आणि तुकडा समोर ठेवला की वाद राहत नाही.