दापोलीला मुलांसोबत: कासवं, डॉल्फिन की हर्णैचा लिलाव?

दापोलीला दोन रात्रींचा मुक्काम, सोबत पाच वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा भाचा. दोघांचा एकच हट्ट, प्राणी बघायचे. विचारलं की लोक चार नावं सांगतात: वेळासची कासवं, मुरूड-कर्द्याचे डॉल्फिन, हर्णै बंदर आणि रत्नागिरीचं मत्स्यालय. चारही बसवायला गेलात तर अर्धी सहल गाडीत जाईल. महिना कोणता आणि मूल केवढं, हे बघून ठरवा.

फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल या काळात जाणार असाल तर कासवांना पहिला मान द्या. ऑलिव्ह रिडली जातीच्या कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली वेळासमध्ये काम सुरू केलं, गाव सोबत उभं राहिलं आणि चित्र पालटलं. आता कासवमित्र, म्हणजे कासवं जपणारे गावातले कार्यकर्ते, पहाटे मादीचा माग शोधून अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात.

सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. आम्ही गेलो त्या सकाळी पहिल्या टोपल्या रिकाम्या निघाल्या आणि मुलीचा चेहरा पडला. पुढच्या टोपलीखाली मात्र वाळू हलत होती. तळहातावर सहज मावतील अशी काळपट पिल्लं एकमेकांवर चढत होती. ती पाण्यापासून थोडी अलीकडे सोडली. चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. लाट आली की एक पिल्लू उलटं होऊन मागे यायचं आणि परत निघायचं. मुलगी दोरीमागे श्वास रोखून उभी होती. पिल्लं दिसतीलच याची हमी कुणी देत नाही, म्हणून एक संध्याकाळ आणि एक सकाळ हाताशी ठेवा. फ्लॅश नको, हात लावणं नको, हे मुलांना आधीच घरी सांगा.

वेळास की आंजर्ले? वेळास मंडणगड तालुक्यात, दापोलीहून लांब. तिथे गावकऱ्यांच्या घरीच राहावं, घरचं जेवण मिळतं आणि उजाडताच किनारा गाठता येतो. मुक्काम दापोलीतच असेल तर आंजर्ले सोयीचं, वर कड्यावरच्या गणपतीचं दर्शनही होतं. भाच्याला मात्र उपग्रहावरून कासवाचा ठावठिकाणा कळवणाऱ्या टॅगची गोष्ट भावली: जानेवारी 2022 मध्ये वेळासला 'प्रथमा' आणि आंजर्ल्याला 'सावनी' या माद्यांच्या पाठीवर टॅग बसवले होते.

डॉल्फिनसाठी मुरूड किंवा कर्दे. (हे दापोलीचं मुरूड, जंजिऱ्याचं नव्हे. नकाशात तपासून घ्या.) सकाळी लवकर, समुद्र शांत असताना निघावं. इथे दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन. पाठ आणि पर क्षणभर वर येतो, उडी क्वचितच. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. पाच वर्षांच्या मुलीला ऊन आणि होडीचं हलणं सोसवलं नाही, आणि तिच्या मापाचं लाइफ जॅकेट होडीत नव्हतं. चढण्याआधी ते मागून घ्या, नसेल तर सरळ उतरा. आमचा होडीवाला डॉल्फिनच्या मागे इंजिन पळवत सुटला, ते मला अजून बोचतं. इंजिन बंद करून थांबणारा नावाडी शोधा.

लहान मूल असेल तर माझी पसंती हर्णैला. चारनंतर बंदरावर मासळीचा लिलाव रंगतो. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी किनाऱ्यावर आणतात. वाळूवर बांगड्याचे, सुरमईचे, कोळंबीचे ढीग पडतात, त्यातच एखादी मुशी (छोटा शार्क), एखादं चपटं पाकट. भाच्याने एका कोळणीला विचारलं, "मावशी, ह्या पाकटाला शेपूट का?" तिने पाकट उचलून शेपटीवरचा काटा लांबूनच दाखवला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. तिकीट नाही, वाट बघणं नाही. वास मात्र भरपूर, आणि जमीन निसरडी, म्हणून मुलांना घट्ट पट्ट्याच्या चपला घाला.

मत्स्यालयासाठी दापोलीहून मुद्दाम जाऊ नका, रत्नागिरी शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. परतीची वाट तिकडून असेल तर भर दुपारच्या उन्हात तिथे शिरा. देवमाशाच्या सांगाड्याखाली उभं राहिलं की मुलांना आकार कळतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कासवांचा हंगामही संपलेला असतो. त्या दोन महिन्यांत पाऊस बघायला जरूर जा, प्राण्यांचं आश्वासन मुलांना देऊ नका.