झोपेसाठी काय घ्यावं: कॅमोमाइल, गवती चहा की तगर?

रात्री डोळ्याला डोळा लागत नसेल, तर नवा चहा विकत आणण्याआधी संध्याकाळचा नेहमीचा चहा आठवा. अंगातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे सहा वाजता घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन अकरा वाजताही अंगात असतं. तो कप दुपारी चारच्या आत आणला, तरी अनेकांचं काम भागेल. ग्रीन टीतही कॅफिन असतंच. त्यामुळे 'कॅमोमाइल' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं पाकीट उलटं करून बघा. घटकांत ग्रीन टी असेल तर ते रात्रीसाठी नाही.

कॅमोमाइल म्हणजे शेवंतीच्या कुळातली छोटी पांढरी फुलं. त्यातलं एपिजेनिन हे द्रव्य मेंदूतल्या ज्या ठिकाणी झोपेच्या काही गोळ्या काम करतात तिथेच जाऊन बसतं, पण परिणाम फार सौम्य. झोपेची प्रत थोडी सुधारल्याचं काही लहान अभ्यासांत दिसलंय; निद्रानाश बरा होतो असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपल्या चहासारखी ही फुलं उकळायची नाहीत. कपात टाकून वर गरम पाणी ओतायचं आणि ५ ते १० मिनिटं झाकून ठेवायचं. झाकण विसरलं की सुवास वाफेबरोबर जातो. शेवंती-झेंडूची ॲलर्जी असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी हा चहा टाळावा.

गवती चहाला तेवढाही पुरावा नाही, तरी माझं मत त्याच्याच बाजूनं झुकतं. भाजीवाल्याकडे जुडी मिळते, कुंडीत वाढतो, चव ओळखीची. अट एकच: चहा पावडर घालायची नाही. पाती तोडून नुसत्या पाण्यात उकळा, हवं तर आल्याचा छोटा तुकडा टाका. दिवसभराचा ताण उतरवायला एवढं पुरतं.

तगरीचं प्रकरण वेगळं आहे. ही हिमालयातली मुळी, पाश्चात्त्य देशांत झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या व्हॅलेरियन या वनस्पतीच्या जातकुळीतली. अंगणातल्या पांढऱ्या फुलांच्या तगरीशी तिचा काही संबंध नाही, ती अंगणातली तगर चुकूनही उकळू नका. मुळीचा वास उग्र, चव कडवट. तिचा दबदबा मोठा असला, तरी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत निद्रानाशासाठी व्हॅलेरियन न वापरण्याचा सल्ला दिला आहे. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत तर ती नकोच. वैद्यांनी सांगितल्याशिवाय मी ती कुणाला सुचवणार नाही.

पुदिना पोट फुगलेलं असेल तर बरा, पण छातीत जळजळ होणाऱ्यांना रात्री तो त्रासच देतो. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून रोज कपात पडतो. रक्तदाब असलेल्या घरात ही सवय लावू नका, कारण त्याने दाब वाढतो. गरोदरपणी यातलं काहीही डॉक्टरांना विचारूनच.

काहीही निवडलंत तरी अर्धा कप, आणि झोपण्याच्या तासभर आधी. भरलेला मग घेतला की मध्यरात्री लघवीला उठावं लागतं, आणि घरातल्या वयस्कर माणसांच्या बाबतीत अंधारात पडण्याची भीती असते ती निराळीच.