चिऱ्याच्या भिंतींना चुनाच: वाळपईच्या बाप-लेकांचं काम

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिवाळीनंतर पहाटे गारवा उतरतो, म्हणून पाऊस सरला की चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती आणि कौलं उरकून घ्यावी लागतात. यंदा हे काम वाळपईच्या बाप-लेकांना दिलं. काम उत्तम.

आधी एक दुकानदार प्लास्टिक पेंट गळ्यात मारत होता. या बाबांनी नखाने भिंत खरवडली आणि म्हणाले, "ताई, चिरा अजून ओला आहे, थोडं थांबूया." ऑक्टोबरच्या उन्हात भिंती सुकू दिल्या, बुरशी घासून काढली, मगच कळीचा चुना विरवून, गाळून पातळ हात दिले. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, शिवाय तो अल्कधर्मी असल्याने बुरशी सहज धरत नाही. जुन्या घराला हेच मानवतं. माजघरातला कुबट वास गेला, याचा मला फार आनंद आहे.

लेकाने फुटकी मंगळुरी कौलं बदलली, सरकलेली बसवली. तक्रार एकच: गोणपाट नीट अंथरले नाहीत, जमिनीवरचे चुन्याचे शिंतोडे आम्हालाच घासावे लागले.

मजुरी रोजावर, आधी ठरवून घ्या. दसऱ्यालाच सांगून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर ते मिळत नाहीत.