टायटल क्लिअर होतं, प्लॉट मात्र खाडीत

साडेचार लाख दिले, एक लाख परत मिळाले. बाकीचे हातात पडतील तेव्हा खरे. लिहायला बसलो ते एवढ्यासाठी की त्याच जागेचे प्लॉट अजून विकले जातायत.

मालाडला मार्व्याच्या बाजूला, खाडीलगत, चोवीस बंगल्यांची वसाहत होणार असं एका एजंटाने सांगितलं. माणूस आमच्या देवगडकडचा, दारात आल्या आल्या वाकून नमस्कार करणारा. गाववाला म्हटलं की मुंबईतला कोकणी माणूस निम्मा तिथेच विरघळतो. मी पूर्ण विरघळलो.

मी पहिला प्रश्न विचारला तो सगळेच विचारतात: "जागा एनए आहे ना?" म्हणजे बिनशेती. त्याने फाईलमधून महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशाचा झेरॉक्स काढला. आमच्या प्लॉटभोवती पेनाने गोल केलेला, आणि गोलात छापील इंग्रजी अक्षरं दोनच: एनए. "काका, खुद्द महापालिकेच्या नकाशात लिहिलंय, आणखी काय पाहिजे?"

तरी मी वकील केला, अगदीच डोळे मिटून पैसे दिले असं नाही. तीस वर्षांचा सर्च काढला, सातबारा, फेरफार सगळं पाहिलं. टायटल क्लिअर. आणि ते खरोखरच क्लिअर होतं! जागा विकणाऱ्याचीच होती. जागा कोणाची, एवढंच मी वकिलाला विचारलं होतं. तिथे घर बांधता येईल का, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. बँकेने कर्ज नाकारलं, तेव्हा एजंट म्हणाला, "बँका मोकळ्या प्लॉटला कर्ज देत नाहीत हो." तेही गिळलं. रेराचा (घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखालच्या नोंदणीचा) नंबर मागितला, तर "सुटे प्लॉट आहेत, रेरा लागत नाही." हे धडधडीत खोटं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराकडे, म्हणजे तो कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते, एजंटालाही लागते. आणि नोंदवलेल्या करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. माझ्याकडे होतं ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचं नोटरी केलेलं साठेखत.

सगळ्यात लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. त्याने जागा दोनदा दाखवली, दोन्ही वेळा रविवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. मध्ये बरोबर चौदा दिवस. जमीन कोरडी, वर राडारोड्याचा भराव, चुन्याने आखलेले रस्ते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि पंधरवड्याने फिरून तिथेच येते. दोन्ही रविवार अष्टमीच्या आसपासचे, म्हणजे भांगाचे, भरती कमी चढते ते दिवस, ऐन दुपारी ओहोटी. समुद्रकाठी वाढलेला माणूस मी, माझ्या हे ध्यानात येऊ नये!

पुढे पौर्णिमेला दुपारी सहज हिला जागा दाखवायला नेलं. चुन्याच्या रेघांवर घोटाभर पाणी होतं. भरावाच्या कडेला चिखलातून पेन्सिलीएवढी टोकं वर आलेली, शेकड्यांनी. तिवरांची मुळं. ही म्हणाली, "इथे बंगला?" मी गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या मुलाने, तो आर्किटेक्टकडे कामाला आहे, सीटीएस नंबर (जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक) घालून महापालिकेच्या वेबसाईटवरून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेबद्दल काय नोंदलंय त्याचा उतारा, काढून दिले. रंगीत. आमचा प्लॉट हिरव्या पट्ट्यात, आणि सूचीत त्या एनएचा अर्थ: नॅचरल एरिया. २०३४ च्या आराखड्यात तिवरं, पाणथळ जागा अशा संवेदनशील पट्ट्यांना ते नाव आहे आणि तिथे बांधकाम होत नाही. मी बिनशेती वाचलं, कागदावर त्याच्या उलट लिहिलेलं होतं. झेरॉक्स काळापांढरा का होता आणि सूचीचा भाग कापलेला का होता, हे तेव्हा उमगलं. भरीस भर म्हणजे २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे जागा खासगी असली तरी तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधता येत नाही.

तर मुंबईत कुठेही प्लॉट किंवा नव्या वसाहतीतलं घर घेताना एजंटाचा झेरॉक्स बाजूला ठेवा. सातबाऱ्यावरचा किंवा मालमत्ता पत्रकावरचा नंबर घेऊन डीपी रिमार्क स्वतः काढा. झोन कोणता, आरक्षण आहे का, प्रस्तावित रस्ता प्लॉटमधून जातो का, सगळं त्यात कळतं. आपल्यापुरतं बघून थांबू नका, शेजारच्या तुकड्यांचेही काढा. निवासी झोनला लागूनच औद्योगिक झोन असेल तर पुढे खिडक्या बंद ठेवायची वेळ येईल. आणि खाडीजवळची जागा असेल तर उधाणाच्या भरतीला जाऊन या.

पोलिसांकडे तक्रार दिली, "दिवाणी मामला आहे" हे उत्तर ऐकलं, लेखी अर्जाची पोच तेवढी घेतली. मी नोटीस पाठवल्यावर एजंटाने दोन चेक दिले. पहिला एक लाखाचा वटला. दुसरा गेल्या आठवड्यात परत आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, नोटीस द्यावी लागते, हे मात्र या वेळी आधी विचारून घेतलं. नोटीस काल स्पीड पोस्टाने गेली.