कुंडीतलं रोप की बाटलीतलं?

परदेशातून अँथुरियम (शोभेचं फुलझाड) मागवायचंय तर मुळंवाली रोपं घ्यायची की टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या बाटल्या, यावर आमच्या नाशकात दर थंडीत वाद होतो. २००३ च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरप्रमाणे (रोपांच्या आयातीचे सरकारी नियम) आयात परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोप कीड-रोगमुक्त असल्याचा पाठवणाऱ्या देशाचा दाखला) दोन्हीला लागतंच. पण मुळंवाल्या रोपाला मातीचा कण चालत नाही, त्यातून सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) येतात, म्हणून मुळं धुऊन पाठवतात आणि आल्यावर बिचारी निम्मी माना टाकतात, वर क्वारंटाईनमध्ये ठेवायला लागली तर वेगळा ताप. बाटलीत माती नाही, किडे नाहीत, फक्त आगर, म्हणजे रोप ज्यात वाढतं ती जेली. अर्थात व्हायरस आतून येऊ शकतो, तेवढं मदर प्लांटचं (ज्यापासून ही रोपं केली त्या मूळ झाडाचं) टेस्टिंग विचारा. हार्डनिंगला, म्हणजे बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सरावायला, वेळ जातो, निफाडकडची थंडी तर विचारूच नका, तरी मी बाटलीच घेतो बुवा.