दोन संगणक, एक वंशावळ : ग्रॅम्प्सचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घराण्याची वंशावळ मी ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रोग्राममध्ये भरतो आहे. फोंड्याला घरी विंडोजचा डेस्कटॉप आहे आणि नातेवाइकांकडे, देवळात किंवा पणजीला पुराभिलेखात न्यायला लिनक्सचा जुना लॅपटॉप. ग्रॅम्प्स दोन्हींवर चालतो, फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि माहिती आपल्याच यंत्रावर राहते. दोन-तीन संगणकांवर काम करणाऱ्याला मी तो नक्की सुचवीन. अट एकच: एका वेळी लिहिणारा संगणक एकच हवा.

ग्रॅम्प्स आपली ट्री, म्हणजे भरलेली वंशावळ, एका फोल्डरात डेटाबेस म्हणून ठेवतो. तो फोल्डरच ड्रॉपबॉक्समध्ये टाकावा, म्हणजे दोन्हीकडे आपोआप सारखे होईल, असे कुणालाही वाटेल. तसे करू नका. ट्री उघडी असताना अर्धवट लिहिलेली फाइल वर जाऊ शकते, आणि दोन्हीकडे बदल झाले तर ड्रॉपबॉक्स ते जुळवत नाही, दुसरी प्रत बाजूला ठेवून देतो. मी फोल्डर हलवतच नाही. काम संपले की ग्रॅम्प्स बंद होताना स्वतः बॅकअप काढतो (सेटिंगमध्ये तो पर्याय चालू असायला हवा), फाइलच्या नावात तारीख-वेळ घालतो, आणि ती बंद फाइल मी पेनड्राइव्हवर नेतो. दुसऱ्या संगणकावर ती नव्या, रिकाम्या ट्रीत आयात करायची. आधीच भरलेल्या ट्रीत आयात केली तर तीच माणसे पुन्हा येण्याचा धोका असतो. दोन्हीकडे आवृत्तीही एकच ठेवा, कारण नव्या आवृत्तीने अद्ययावत केलेली ट्री जुनीत उघडत नाही.

फोटोंचे वेगळे. विंडोजमधला फाइलचा पत्ता लिनक्सला कळत नाही, म्हणून प्रत्येक संगणकावर फोटोंचा मूळ फोल्डर सेटिंगमध्ये दाखवायचा आणि पुढचे पत्ते सापेक्ष, म्हणजे त्या मूळ फोल्डरापासूनचे, ठेवायचे. आधीचे पत्ते मीडिया मॅनेजर एकदम बदलून देतो. फोटो आणि माहिती एकाच गठ्ठ्यात हवी असेल तर ग्रॅम्प्सचे पॅकेज निर्यात करता येते, फक्त फाइल जड होते. नातेवाइकांना जुने फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते लहान होऊन येतात आणि मागचे अक्षर वाचता येत नाही.

मला ग्रॅम्प्स खरा आवडला तो गोव्याच्या कागदांमुळे. एकच माणूस जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजात पोरोबो असतो, देवळाच्या महाजनांच्या यादीत प्रभू आणि शाळेच्या दाखल्यात गावावरून पडलेल्या आडनावाने. ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला हवी तितकी नावे देता येतात आणि प्रत्येक नावाला वेगळा आधार जोडता येतो. लग्नानंतर नाव बदललेल्या आजी-पणजींची माहेरची नावे त्यामुळे पुन्हा जागेवर आली. दत्तक गेलेल्या मुलाला दोन्ही घरचे आईवडील लावता येतात. गावांचीही सोय आहे: फोंडा 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली, मग केंद्रशासित गोवा, दमण व दीव आणि 1987 पासून गोवा राज्य, हे सगळे एकाच ठिकाणाखाली तारखांसह नोंदवता येते.

म्हणूनच दोन ग्रॅम्प्समध्ये देवाणघेवाण जेडकॉमने करू नये. जेडकॉम हा वंशावळीच्या फाइलचा सामाईक प्रकार, तो जवळजवळ सगळ्या प्रोग्रामना कळतो, पण ठिकाणांच्या या तारखा आणि इतर बरेच बारकावे त्यात उतरत नाहीत. बेळगावच्या चुलतभावाकडे दुसरा प्रोग्राम आहे, तेव्हा त्याला जेडकॉमच द्यावी लागते. निर्यात करताना हयात माणसांचे तपशील मी वगळतो, कारण फाइल पुढे कुणाकडे जाईल ते आपल्या हाती राहत नाही. त्याची फाइल आली की ती वेगळ्या ट्रीत उघडून मी नवे तेवढेच हाताने माझ्याकडे घेतो. हे काम वेळखाऊ आहे, पण आमच्यात आजोबांचेच नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे आपोआप जुळवणीवर मी विसंबत नाही.

उणीव आहे ती पंचांगाची. ग्रॅम्प्सला ज्यूलियन, हिब्रू, इस्लामी, पर्शियन कालगणना कळतात, पण शक कळत नाही. शके 1822 अशी नोंद मिळाली की मी 1900 ते 1901 असा पल्ला देतो आणि तिथी टीप म्हणून लिहितो. श्राद्धाच्या तिथ्या घरात सगळ्यांना हव्या असतात, म्हणून एवढे तरी कराच. काकीला फोनवर वंशावळ बघायची आहे. त्यासाठी ग्रॅम्प्स वेब आहे, ब्राउझरमध्ये अनेकांना एकच ट्री दाखवणारे, पण त्याला सर्व्हर लागतो. तोवर तिला छापील तक्ता दिला आहे. त्यात तिने पेनाने दुरुस्त्या करून पाठवल्या आहेत आणि त्या आता भरायच्या आहेत.